एकाच पीएनआरवरचं पुढचं विमान हुकलं, तर ती जबाबदारी कंपनीचीच

माझ्या भाच्याची गुवाहाटीला पीएचडीची मुलाखत होती. दारव्ह्याहून सोनेगाव विमानतळ गाठायचं म्हणजे आदल्या दिवशीच एसटीनं नागपूर, रात्री नातेवाइकाकडे मुक्काम आणि पहाटे विमान. नागपूर ते दिल्ली, पुढं दिल्ली ते गुवाहाटी. कंपनी एक, पीएनआर म्हणजे बुकिंगचा क्रमांकही एकच. बहिणीनं तुरीच्या पट्टीतले पैसे तिकिटाला घातले होते. रात्री उशिरा मेसेज आला की सकाळचं विमान रद्द, दुपारच्या विमानात सीट दिली आहे. तो दिल्लीत उतरला तेव्हा गुवाहाटीचं विमान उडून गेलं होतं.

काउंटरवरूनच त्यानं फोन लावला. "मामा, हे मॅडम म्हणते का नवीन तिकीट काढा लागन." मागून बाईंचा आवाज येत होता, "सर, प्लीज साइडला व्हा." मी म्हटलं, बाजूला होऊ नको, पैसे भरू नको, जे सांगतात ते लेखी माग. लेखी कोणी दिलं नाही. बऱ्याच वादानंतर दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान देऊ केलं. मुलाखत सकाळची. ते घेऊन पोरगं करणार काय? त्यानं नकार दिला, पूर्ण परतावा आणि भरपाई मागितली, आणि स्वतःच्या पैशानं रेल्वेनं परत आला. कंपनीनं पाठवलं काय, तर पुढच्या प्रवासाचं व्हाउचर.

राजेहो, नियम अगदी स्पष्ट आहे. विमान रद्द होणार असेल तर किमान 2 आठवडे आधी कळवायचं, असं डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं सांगते. तसं कळवलं नाही आणि त्यामुळं त्याच तिकिटावरचं पुढचं विमान हुकलं, तर प्रवाशाला मान्य असेल असं दुसरं विमान द्यायचं. नाहीतर पूर्ण परतावा आणि वर भरपाई. 1 तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, 2 तासांपर्यंत 7,500, त्याहून जास्तीला 10,000. किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. धुकं, वादळ, संप अशी कारणं असली तर भरपाई नाही. हे "जे कमी असेल ते" मला मुळीच पटत नाही. ज्यानं पै-पै जोडून स्वस्तातलं तिकीट काढलं त्यालाच भरपाई कमी, आणि त्याचंच नुकसान सगळ्यात मोठं.

म्हणूनच ग्राहक आयोगात जायचं. तिथं गेलेली संधी, झालेला खर्च, मनस्ताप सगळं मांडता येतं. 1986च्या कायद्यात कंपनीचं ऑफिस असेल किंवा प्रकार घडला असेल तिथं तक्रार करावी लागायची. 2019चा नवा कायदा 20 जुलै 2020पासून लागू झाला आणि कलम 34नं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दार उघडलं. म्हणजे आमच्यासाठी यवतमाळ. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो, मुदत 2 वर्षांची. त्याआधी कंपनीच्या नोडल म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ईमेल आणि एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार करून ठेवा, कागद पक्का होतो. बोर्डिंग पासचा फोटो लगेच काढा. तो कागद थर्मलचा असतो, काही महिन्यांत अक्षरं उडून जातात.

एक गोष्ट पोरांना बजावून सांगा. शे-पाचशे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली, की पहिली कंपनी दुसऱ्या विमानाबद्दल हात वर करते. तरी तिथंही सगळं संपत नाही. अजमेर-जम्मू एक्स्प्रेस 4 तास उशिरा पोचली, एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान हुकलं, आणि उशिराचं कारण रेल्वेला सिद्ध करता आलं नाही म्हणून सप्टेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेनं भरपाई द्यायची हे कायम ठेवलं.

आपल्याकडं विमानाचं नाव काढलं की माणूस दबतो. "जाऊ द्या, मोठ्या लोकांशी कुठं भांडता" हे मला घरच्यांनीच सांगितलं. तहसीलमध्ये पीक विम्यासाठी भांडणारा माणूस इथं गप्प का बसतो? तिकिटाचे पैसे तर आधीच पूर्ण मोजलेले असतात.

भाच्याची तक्रार यवतमाळच्या आयोगात दाखल झाली आहे. त्यानंतर कंपनीनं व्हाउचरची रक्कम वाढवून पाहिली, बहिणीनं सरळ नाही म्हटलं. कोणाच्या घरी असंच घडलं असेल तर मेसेज करा, अर्जाचा नमुना पाठवतो. दारव्ह्यात बाजाराच्या दिवशी कागद घेऊन आलात, तर सोबत बसून भरू.