‘मढ्यांवर आरती’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

‘चिकित्सक’ या नावानं लिहिणाऱ्या वाचकांस,

नमस्कार. ‘मर्डर बाय डिक्री’ या १९७९च्या सिनेमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया दिलीत. १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून पडत असताना शेरलॉक होम्स आणि डॉक्टर वॉटसन जॅक द रिपरच्या मागावर निघतात, अशी त्याची गोष्ट. होम्सवरच्या सिनेमांत मला हाच सगळ्यांत जवळचा वाटतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं वाक्य: ‘खऱ्या बायकांच्या मढ्यांवर काल्पनिक डिटेक्टिव्हची आरती ओवाळलेली तुम्हाला चालते, यावरून तुमची संवेदनशीलता कळली.’

मतभेद असावेत, माझी काहीच हरकत नाही. पण हे वाक्य सिनेमाबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. माझी तुमची ओळख नाही, माझा दुसरा एखादा लेख वाचल्याची खूण तुमच्या लिहिण्यात कुठे दिसत नाही, आणि तरी माझ्या मनात काय आहे ते तुम्ही ठरवून मोकळे झालात. समोरासमोर बसलो असतो तर हेच बोलला असतात का?

आता विषय काढलाच आहात तर ऐका. माझे वडील सत्र न्यायालयात लघुलेखक होते. खुनाच्या खटल्यातल्या साक्षी दिवसभर उतरवून घ्यायच्या आणि संध्याकाळी घरी आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलायचं नाही, हा त्यांचा क्रम. एकदा जेवताना त्यांनी पंचनाम्यातली यादी सांगितली. मयत बाईच्या कमरेच्या पिशवीत अर्धी सुपारी, एसटीचं तिकीट आणि तान्ह्या मुलाचं झबलं. आई तशीच ताटावरून उठली. अशा घरात मी वाढलोय. खून म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही, टोपणनावानं तर मुळीच नाही.

म्हणूनच रिपरनं मारलेल्या बायकांपैकी एक, कॅथरिन एडोज, हिच्याजवळ सापडलेल्या वस्तूंची यादी पुढे वाचली तेव्हा मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. चहाची एक डबी, साखरेची एक डबी, पांढऱ्या चिंध्यांचे १२ तुकडे, हातमोजा. आणि मोहरीच्या डबीत गहाणवटीच्या दोन पावत्या, त्यातली एक तिच्या जोडीदाराच्या बुटांची. दारू पिऊन पडली म्हणून बिशप्सगेट ठाण्यात नेलेल्या या बाईला पोलिसांनीच ३० सप्टेंबरला रात्री एकच्या सुमाराला सोडलं, आणि पाऊण तासात माइटर स्क्वेअरमध्ये तिचा मृतदेह सापडला. चिकित्सक, यातलं काहीही विसरून मी तो सिनेमा पाहिलेला नाही.

आणि आरती कुठे आहे, तेही दाखवा. या खुनांचा तपास कधीच तडीला गेला नाही. गॉल्स्टन स्ट्रीटवर कॅथरिनच्या ॲप्रनचा तुकडा मिळाला, तिथे भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं; फोटो घेण्याइतकं उजाडायच्या आत पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी ते पुसायला लावलं. ज्यूंविरुद्ध दंगल पेटेल, हे त्यांचं कारण. ते खरं धरलं तरी जे गेलं ते गेलंच. अशा तपासात खरा पोलीस नायक करून तुम्ही काय दाखवणार? तो हरणारच, आणि वरिष्ठांसमोर मान खाली घालून उभा राहणार. होम्स सरकारचा नोकर नाही. तो थेट पंतप्रधानांसमोर उभा राहून जाब विचारू शकतो, आणि सिनेमाच्या शेवटी तो नेमकं तेच करतो. पंतप्रधान सॉल्झबरींच्या भूमिकेत जॉन गिलगुड आहेत, समोर होम्स झालेले क्रिस्टोफर प्लमर. त्या खोलीत होम्सचा आवाज भरून येतो तो संतापानं, कोडं सुटल्याच्या आनंदानं नव्हे. त्याआधी, राजपुत्राशी गुपचूप लग्न केलं म्हणून वेड्यांच्या इस्पितळात डांबलेल्या ॲनी क्रूकला भेटल्यावर याच होम्सच्या डोळ्यांतून पाणी आलेलं असतं. एवढं करून तो जिंकतही नाही. ॲनीच्या लहान मुलीला धक्का लागू नये म्हणून सत्य गिळून गप्प बसतो. ज्याची आरती ओवाळायची असते त्याला कुणी असं हरवत नाही!

तुमचा एक मुद्दा मात्र मान्य. सिनेमात धुकं फार आहे. दर दुसऱ्या दृश्यात ते ओतलंय, त्यानं गल्ल्यांमधली खरी गरिबी झाकली जाते. इथे तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि ते मी मोकळेपणानं सांगतो.

राहिला राजघराण्याच्या कटाचा भाग, म्हणजे राजपुत्राचं ते गुपित दडवण्यासाठी राणीच्या डॉक्टरनं हे खून केले, हा सिद्धांत. डॉक्टर विल्यम गल यांना १८८७मध्येच अर्धांगाचा झटका आला होता, ३० सप्टेंबरला राजपुत्र स्कॉटलंडमध्ये होता, ज्याच्या सांगण्यावर तो सिद्धांत उभा राहिला त्यानंच पुढे ती बनवाबनवी असल्याचं कबूल केलं, वगैरे वगैरे. यावर तुम्ही तीन परिच्छेद खर्च केलेत. हे सिनेमा आवडणाऱ्यांनाही ठाऊक असतं. सिनेमा हा शोधप्रबंध नाही, त्यातल्या डॉक्टरचं नावही गल नाही. हा वाद इथे घालण्यात मला अर्थ वाटत नाही.

आणि जेम्स मेसनच्या वॉटसनला ‘भोळसट’ म्हणालात, ते वाचून वाईट वाटलं. ताटातला शेवटचा वाटाणा तो काट्यानं पकडायला बघतो, तो निसटत राहतो, होम्सला ते पाहवत नाही म्हणून तो स्वतःच्या काट्यानं वाटाणा चिरडून देतो, आणि वॉटसन खरोखर दुखावतो. त्याला तो अख्खाच खायचा होता. तेवढ्या एका प्रसंगात त्या दोघांची सगळी वर्षं दिसतात. जो माणूस वाटाण्यासाठी हळवा होतो तोच पुढे त्या गल्ल्यांत होम्सच्या पाठीशी उभा राहतो. यात भोळसट काय आहे?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. सिनेमावर पुन्हा लिहिलंत तर पुन्हा उत्तर देईन. माझ्या संवेदनशीलतेवर लिहिलंत तर ती प्रसिद्ध होणार नाही.