माजी सैनिकांना ‘बिनव्याजी गृहकर्ज’? फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. केंद्र सरकार प्रत्येक माजी सैनिकाला 50 लाखांपर्यंत बिनव्याजी गृहकर्ज देते, स्वतःचा एक रुपयाही घालावा लागत नाही, सिबिल (कर्जफेडीचा इतिहास दाखवणारे गुण) पाहिले जात नाही, पीपीओची (पेन्शन देण्याच्या आदेशाची) प्रत पुरते आणि वर 2 लाख 67 हजारांचे अनुदान मिळते, असे त्यात म्हटले आहे. हप्ते थकले तरी बँक काही करू शकत नाही, कारण सैनिकाची पेन्शन जप्त होत नाही, असाही दिलासा दिला आहे. खाली नोंदणीची लिंक आहे. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. या संदेशाच्या भरवशावर त्यांनी धाकट्या मुलासाठी पुण्यात फ्लॅट पाहायला सुरुवात केली, तेव्हा गप्प राहणे मला शक्य झाले नाही.

पेन्शनचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांत घातक आहे. त्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. 1871 च्या पेन्शन कायद्याच्या कलम 11 नुसार धनकोच्या (कर्ज देणाऱ्याच्या) मागणीवरून न्यायालयाला सरकारी पेन्शनवर जप्ती आणता येत नाही. परंतु गृहकर्जाचे तारण पेन्शन नसून घर असते, आणि त्या घराला हे कलम कोणतेही संरक्षण देत नाही. थकबाकी 90 दिवसांच्या पुढे गेली की खाते अनुत्पादित, म्हणजे थकीत कर्जाचे (एनपीए), ठरते. त्यानंतर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली बँक 60 दिवसांची नोटीस देते, आणि त्या मुदतीत पैसे भरले नाहीत तर घराचा ताबा घेऊन लिलाव करू शकते. त्यासाठी तिला दिवाणी न्यायालयात दावा लावून हुकूमनामा मिळवावा लागत नाही. म्हणजे ज्या न्यायालयीन जप्तीपासून पेन्शन सुरक्षित आहे, त्या जप्तीची बँकेला मुळात गरजच नसते. लिलावातून पूर्ण वसुली झाली नाही, तर उरलेल्या रकमेसाठी कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदार या तिघांच्याही मागे लागण्याचा मार्ग बँकेला मोकळा असतो. मामांच्या बाबतीत सहकर्जदार त्यांचा नोकरदार मुलगा असणार होता. वडिलांची पेन्शन शाबूत राहील, पण मुलाला पुढची कित्येक वर्षे कोणतीही बँक दारात उभी करणार नाही, हे संदेश लिहिणाऱ्याने कुठेही सांगितलेले नाही. आयुष्यभराची कमाई घरात घातलेल्या माणसाला ‘हप्ते बुडवले तरी चालेल’ असे सांगणे हा गुन्हा मानला पाहिजे, इतके ते वाईट आहे.

स्वतःचा एक रुपयाही लागत नाही, हे सरळ खोटे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के रक्कम देता येते. हा नियम सैनिक आणि बिगरसैनिक असा भेद करत नाही. 40 लाखांच्या फ्लॅटसाठी किमान 8 लाख आपले हवेत, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च वेगळा. अनेक जवान ही रक्कम ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनमधून उभी करतात. मात्र कम्युटेशनमध्ये एकरकमी पैशांच्या बदल्यात निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते आणि विकलेला भाग 15 वर्षांनी परत सुरू होतो. तोपर्यंत हातात कमी पेन्शन येते आणि बँक पात्रता ठरवताना तीच पाहते.

स्वतःची रक्कम न घालता सरकारच्या आधाराने कर्ज मिळण्याची कल्पना बहुधा अमेरिकेतील माजी सैनिकांच्या ‘व्हीए लोन’वरून उचललेली असावी. तिथे 1944 च्या कायद्यापासून माजी सैनिकांच्या गृहकर्जाच्या काही भागाची हमी सरकार घेते, आणि पात्र व्यक्तीला स्वतःची रक्कम न घालताही घर घेता येते. पण तिथेही कर्ज बहुतेक वेळा खासगी संस्थाच देतात, व्याज घेतात आणि उत्पन्न व पतइतिहास तपासतात. ती योजना अमेरिकेच्या सैन्यात सेवा केलेल्यांसाठी आहे, सातारा किंवा कोल्हापूरच्या जवानासाठी नाही.

आपल्याकडे काही बँकांच्या संरक्षण दलांसाठी खास गृहकर्ज योजना आहेत. त्यांत प्रक्रिया शुल्कात सवलत मिळू शकते आणि पेन्शन असल्यामुळे निवृत्तीनंतरही हप्ते चालू ठेवता येतात. चाळिशीच्या आत निवृत्त होणाऱ्या जवानाला त्यामुळे मोठी मुदत मिळते, हा खरा फायदा आहे. पण व्याज द्यावेच लागते आणि सिबिल पाहिले जातेच. पीपीओ हा पेन्शनचा पुरावा आहे, कर्ज फेडण्याच्या सवयीचा नव्हे.

2 लाख 67 हजारांचे अनुदान प्रधानमंत्री आवास योजनेच्या जुन्या टप्प्यातले होते आणि ते मार्च 2022 मध्ये बंद झाले. शहरी भागासाठी 2024 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदान जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार आहे. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत हवे, तसेच देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्के घर नसावे. मामांचे गावी पक्के घर आहे, म्हणून ते इथेच बाद होतात.

उरली ती लिंक. ती पीपीओ क्रमांक, आधार, ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या सरकारी पोर्टलवरील खात्याचा तपशील आणि नोंदणी शुल्क मागते. मामांनी सुदैवाने काही भरले नव्हते. ज्यांनी भरले असेल त्यांनी ताबडतोब 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी, बँकेला कळवावे आणि ‘स्पर्श’चा पासवर्ड बदलावा. गृहकर्जाच्या व्याजावर सैनिकांसाठीचे खरे साहाय्य केंद्रीय सैनिक बोर्डाच्या योजनेत आहे. ते युद्धात किंवा सेवेशी निगडित कारणाने मृत्यू आलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी आणि युद्धात अपंगत्व आलेल्यांसाठी असून, 1 लाखापर्यंतच्या कर्जावरील निम्म्या व्याजापुरतेच आहे. त्याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.