प्रतिक्रियेला उत्तर: लॉजिक चिपचे घड्याळ आणि रिसेटचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

लॉजिक चिपच्या घड्याळाचा बोर्ड मी ज्या लेखात मांडला होता, त्यावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपले मुख्य आक्षेप असे: काउंटर (मोजणी करणारी चिप) असिंक्रोनस पद्धतीने, म्हणजे क्लॉकच्या ठोक्याची वाट न पाहता, रिसेट करणे (शून्यावर आणणे) हे मुळातच चुकीचे डिझाइन असून त्यामुळे घड्याळ अधूनमधून भलताच आकडा दाखवेल, रिसेटच्या वाटेवरचे डायोड आणि कपॅसिटर हा ‘जुगाड’ आहे, करायचेच होते तर साधे आरसी (एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर) पुरले असते, क्रिस्टलऐवजी (ठरावीक वेगाने कंपन करणाऱ्या स्फटिकाऐवजी) घरच्या विजेची ५० हर्ट्झ वारंवारता घ्यायला हवी होती, आणि सेकंदाला एकदा चालणाऱ्या सर्किटात प्रत्येक चिपशेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावणे म्हणजे उधळपट्टी आहे. शेवटी आपण हेही विचारले आहे की आर्डुइनोच्या (प्रोग्राम करता येणाऱ्या तयार बोर्डाच्या) जमान्यात १३ चिप कशासाठी.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. ३२,७६८ हर्ट्झचे क्रिस्टल ४०६० ला जोडलेले आहे. ही चिप त्या वारंवारतेला १६,३८४ ने भागते, म्हणजे २ हर्ट्झ उरतात, आणि ७४एचसी७४ त्याचे १ हर्ट्झ करते. पुढे सेकंद, मिनिटे आणि तास यांसाठी एकेक ७४एचसी३९० (दोन दशमान काउंटर असलेली चिप), सहा अंकांसाठी सहा ४५११ (डिस्प्लेवर अंक उमटवणारी चिप), रिसेटसाठी एक ७४एचसी०८ (अँड गेट) आणि बटणांसाठी एक ७४एचसी१४.

आता रिसेटकडे वळतो, कारण आपला सर्वांत गंभीर आक्षेप तोच आहे. दशक-सेकंदाचा (सेकंदांच्या दहाच्या स्थानाचा) काउंटर ५ वरून ६ वर जातो, त्याच क्षणी क्यू१ आणि क्यू२ (त्याचे २ आणि ४ किमतीचे बिट) दोन्ही हाय, म्हणजे १, होतात, अँड गेट (दोन्ही इनपुट हाय असतील तरच हाय होणारे) ते ओळखते आणि काउंटर शून्यावर आणते. ६ हा आकडा काही दशांश मायक्रोसेकंदही टिकत नाही, त्यामुळे तो डोळ्यांना दिसण्याचा प्रश्न नाही. खरा प्रश्न आपण मांडला आहे तोच, की मधल्या एखाद्या संक्रमणात क्यू१ आणि क्यू२ क्षणभर एकत्र हाय झाले तर खोटा रिसेट मिळेल. अशी जागा एकच आहे, ती म्हणजे ३ वरून ४ वर जाताना, कारण तिथे क्यू१ खाली येतो आणि क्यू२ वर जातो. परंतु ७४एचसी३९० मध्ये क्यू२ च्या फ्लिपफ्लॉपला (एक बिट साठवणाऱ्या भागाला) क्लॉक मिळतो तो क्यू१ च्याच फॉलिंग एजवर, म्हणजे तो हायवरून खाली येण्याच्या क्षणी. म्हणजे क्यू१ आधी पडतो आणि तो पडला म्हणूनच नंतर क्यू२ उठतो. दोघे एकत्र हाय असण्याची वेळच येत नाही. रिपल काउंटरची (जिथे एक बिट पुढच्या बिटाला चालवतो) जी रडतखडत चाल आपल्याला खटकते, तीच इथे संरक्षण देते. याउलट ७४एचसी१६० सारखा सिंक्रोनस काउंटर घेऊन त्याचा असिंक्रोनस क्लिअर (रिसेट) वापरला, तर क्यू१ आणि क्यू२ एकाच क्लॉकवर बदलतात, कोण आधी बदलेल याची हमी राहत नाही, आणि ३९ वरून ४० वर जाताना सेकंद थेट शून्यावर पडण्याची शक्यता निर्माण होते. ‘सिंक्रोनस म्हणजे सुरक्षित’ हे सूत्र अर्धवट लागू केले तर ते असे उलटते.

मिनिटाकडे जाणाऱ्या कॅरीचेही (हातच्याचेही) तसेच आहे. दशक-सेकंदाचा क्यू२ हा ४ आणि ५ वर हाय असतो, ५ चा ६ होताना तो हलत नाही, आणि रिसेट झाल्यावर एकदाच खाली येतो. ती एकच फॉलिंग एज मिनिटाच्या काउंटरला मिळते, त्यामुळे एक मिनिट जादा धरले जाईल ही आपली शंका या जोडणीत उद्भवत नाही.

या पद्धतीत धोका आहेच, पण तो दुसरीकडे आहे: रिसेट पल्सच्या रुंदीत, म्हणजे तो क्षणिक सिग्नल किती वेळ टिकतो यात. काउंटरचा कोणताही एक बिट शून्य झाला की अँड गेट खाली येते आणि रिसेट संपतो. दुसऱ्या बिटाला पुरेसा वेळ मिळाला की नाही याची गेटला फिकीर नसते. ही पल्स जेमतेम काही दहा नॅनोसेकंदांची असते आणि डेटाशीटमध्ये रिसेटसाठी मागितलेली किमान रुंदीही साधारण त्याच पंक्तीतली असते. तासांच्या बाबतीत हे अधिक नाजूक होते, कारण तिथे २४ ओळखण्यासाठी दशकाचा क्यू१ आणि एककाचा क्यू२ असे दोन वेगळ्या काउंटरचे बिट घ्यावे लागतात. एकक आधी शून्य झाले आणि दशक राहून गेले, तर मध्यरात्री घड्याळ २०:००:०० दाखवेल. दशक आधी गेले तर ०४:००:००. ही चूक वर्षभर होणार नाही आणि एखाद्या थंड रात्री किंवा वेगळ्या कंपनीची चिप बसवल्यावर होईल, म्हणून ती शोधणे महाकठीण.

डायोड तिथे आहे तो यासाठी. आपण सुचवलेले साधे आरसी कागदावर पटण्यासारखे आहे आणि अनेक सर्किटांत तसे दिसतेही, पण ते समजले जाते तसे काम करत नाही. रेझिस्टरमधून कपॅसिटर हळूहळू चार्ज होतो. त्यावरचा व्होल्टेज रिसेटच्या उंबरठ्याला पोचला की काउंटर लगेच शून्य होतो, गेट खाली येते आणि कपॅसिटर उंबरठ्याच्या किंचित वर असतानाच परत उतरू लागतो. पल्स उशिरा सुरू होते खरी, परंतु आरसीच्या वेळेइतकी रुंद होत नाही. फार तर मूळ रुंदीच्या दुपटीच्या आसपास जाते. डायोड लावल्यावर चार्ज होण्याची वाट आणि उतरण्याची वाट वेगळ्या होतात. गेट १एन४१४८ या डायोडमधून १०० पिकोफॅरड झटक्यात भरते, आणि गेट खाली आल्यावर डायोड उलटा होऊन तो चार्ज फक्त १ किलोओहममधून जमिनीकडे जातो. त्यामुळे गेट पडल्यानंतरही रिसेट आणखी ६०-७० नॅनोसेकंद टिकतो. १ ऐवजी १० किलोओहम घेऊन पल्स आणखी रुंद करता आली असती, पण मग उतरता उतार इतका मंद होतो की ७४एचसीच्या इनपुटला चालणारी मर्यादा ओलांडली जाते. तीन डायोड, तीन कपॅसिटर, तीन रेझिस्टर. याला जुगाड म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही, पण प्रत्येक किंमत हिशेबाने आलेली आहे.

पूर्ण सिंक्रोनस रचना शास्त्रशुद्ध आहे यात वाद नाही. ७४एचसी१६२ चा क्लिअर क्लॉकवरच लागू होतो, म्हणून ६ ऐवजी ५ ओळखायचा आणि पुढच्या क्लॉकला शून्यावर जायचे. भलता आकडा क्षणभरही येत नाही. मात्र त्यासाठी तीनऐवजी सहा काउंटर लागतात, ‘५९ सेकंद झाले’, ‘५९ मिनिटे ५९ सेकंद झाले’ अशा अटींसाठी आणखी गेट लागतात, आणि पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर १६२ मागितली की दुकानदार १६३ पुढे करतो. १६३ बायनरी असल्यामुळे एककाचा ९ सुद्धा वेगळा ओळखावा लागतो. पहिल्यांदाच सोल्डरिंग आयर्न हाती धरणाऱ्या मुलासाठी बोर्ड करायचा असेल, तर मी आजही ३९० च निवडेन.

विजेच्या वारंवारतेबद्दल. आपला मुद्दा ज्या देशांत ग्रिडची साचलेली चूक नियमितपणे भरून काढली जाते, तिथे योग्य ठरतो. तरी २०१८ च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोवो यांच्यातील वादामुळे युरोपातली विजेच्या वारंवारतेवर चालणारी घड्याळे सुमारे सहा मिनिटे मागे पडली होती. आपल्याकडे ग्रिड कोडने ठरवलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. दिवसाची सरासरी ४९.९८ राहिली, तरी घड्याळ ३५ सेकंद मागे पडते. ± २० पीपीएमचे (दहा लाखांत २० भाग चुकणारे) साधे क्रिस्टल दिवसाला फार तर पावणेदोन सेकंद चुकते, आणि ती चूक ट्रिमरने (फिरवून जुळवता येणाऱ्या कपॅसिटरने) बरीच कमी करता येते. शिवाय लोडशेडिंगमध्ये विजेवरचे घड्याळ मोजायचेच थांबते, तर क्रिस्टलवरचे बॅटरीवर चालू राहते. आपण म्हणता तसे क्रिस्टल तापमानाने चळते, हे मात्र खरे. २५ अंशांपासून जितके दूर जावे, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ते मंदावते, मग दिशा उन्हाळ्याची असो वा थंडीची. नागपूरच्या ४५ अंशांत हा फरक सुमारे १४ पीपीएम, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंदाच्या जरा आत येतो. भिंतीवरच्या घड्याळाला हे मला चालते.

प्रत्येक चिपशेजारच्या कपॅसिटरच्या बाबतीत आपण वारंवारता पाहिली, मी एज (सिग्नल बदलण्याचा क्षण) पाहतो. ७४एचसीचे आउटपुट सेकंदाला एकदा बदलो किंवा दहा लाख वेळा, ते बदलते ते काही नॅनोसेकंदांतच, आणि तेवढ्या वेळात लागणारा करंट लांबच्या ट्रॅकमधून पोचत नाही; ट्रॅकच्या दर सेंटिमीटरला ८-१० नॅनोहेन्री इंडक्टन्स (करंटच्या अचानक बदलाला होणारा विरोध) असतो. गच्चीवरची टाकी कितीही मोठी असली, तरी तहान लागल्यावर हाताशी असलेला तांब्याच कामी येतो. १९:५९:५९ नंतर सहाही अंक एकदम बदलतात, तो क्षण ऑसिलोस्कोपवर पाहावा: कपॅसिटर काढलेल्या चिपच्या १६ क्रमांकाच्या पिनवर पुरवठ्यात उभी खाच पडलेली दिसते. पंख्याचे बटण दाबले की मिनिट पुढे सरकते, अशी तक्रार अनेक हौशी लोक करतात, तिथेही आधी हेच कपॅसिटर आणि मोकळे सोडलेले इनपुट तपासावेत.

आर्डुइनोविषयी एवढेच सांगतो की त्यात वरीलपैकी एकही प्रश्न पडत नाही, आणि मला तेच प्रश्न हवे होते. वेळ अचूक हवी असेल, तर डीएस३२३१ ही वेळ राखणारी तयार चिप घ्यावी. तिच्याशी हा बोर्ड स्पर्धा करत नाही.

जाता जाता आपण ६ ला वरची आणि ९ ला खालची शेपटी नसल्याची तक्रार केली आहे. ४५११ हे अंक तसेच काढते. शेपटीवाले अंक ७४एलएस२४७ देते, पण तिला कॉमन अॅनोड (सगळ्या रेषांचे धन टोक एकत्र जोडलेले) डिस्प्ले लागतात, आणि त्यासाठी डिस्प्लेच्या बाजूचा अर्धा बोर्ड नव्याने आखावा लागेल. पुढच्या आवृत्तीत डिस्प्ले वेगळ्या बोर्डावर घेण्याचा विचार आहे. तसे झाले, तर दोन्ही प्रकारचे आराखडे देता येतील.