कक्ष रिकामा, म्हणून गरज नाही?

नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सार असं: कॉलेजात समुपदेशन कक्ष आहेत, पोरंच जात नाहीत, ज्याला खरंच त्रास आहे तो जाईलच, बाकी सगळं शहरी पोरांचं खूळ, तेव्हा कक्ष बंद करा अन् तो पैसा लायब्ररीला द्या.

‘कक्ष आहेत.’ पाटी आहे, एवढं खरं. अमरावती रोडकडचं एक कॉलेज घ्या, नाव राहू द्या. कक्षाची वेळ अकरा ते एक, प्रॅक्टिकलही तेव्हाच. दार विभागप्रमुखांच्या केबिनला लागून. बाहेरच्या बाकावर बसलं की स्टाफरूमकडे जाणारा प्रत्येक जण बघतो. ‘काहून बे, इथं काय करून रायला?’ कुणी एवढं विचारलं की पोट्टा पुन्हा तिकडे फिरकत नाही. समुपदेशकाचं नाव नोटीस बोर्डावर आहे म्हणे, पण त्यावर परीक्षा फॉर्मच्या मुदतवाढीचा कागद टाचलेला. आणि समुपदेशक कोण? बऱ्याच ठिकाणी जादा काम सोपवलेले प्राध्यापकच. ज्यांच्या हातात इंटर्नलचे मार्क, त्यांच्यापुढे मन मोकळं कोण करणार? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घातलंय. जिवाला धोका असेल तर अपवाद. पण हे पोरांना पहिल्याच दिवशी कोणी सांगतं का?

‘त्रास असेल तो जाईलच.’ नैराश्यात उठून कुठे जायचं बळच आधी जातं. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांची तूट आजारानुसार 70 ते 92 टक्के निघाली. म्हणजे त्रास असलेले बहुसंख्य लोक उपचारापर्यंत पोचलेच नव्हते. ते काय नाटक करत होते?

‘शहरी खूळ.’ भंडारा-गोंदियाकडून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी, स्कॉलरशिपची वाट बघत मेसचं बिल थकवणारी पोरं या मजकूरवाल्यांनी पाहिलेली दिसत नाहीत. अवघड इतकंच की मदत म्हटलं की आपल्याकडे छिंदवाडा रोडचा ‘पागलखाना’च आठवतो. प्रत्यक्षात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतही मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास, मराठीतही चालतो.

राहिला कक्ष बंद करायचा सल्ला. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा जास्त विद्यार्थ्यांच्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमायला सांगितलंय. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचंय. वर वर्गांत आणि होस्टेलात हेल्पलाइनचे नंबर मोठ्या अक्षरांत लावायचेत. तेव्हा पुढच्या पालकसभेत कक्ष बंद करा म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारा: समुपदेशकाची पात्रता काय, आणि तो मार्क देतो का.