‘वर्तमानपत्र’ या शब्दातलं ‘वर्तमान’

‘वर्तमानपत्र म्हणजे वर्तमानकाळाचं पत्र, म्हणून जुनं वर्तमानपत्र हा शब्दप्रयोगच चुकीचा’ असा एक संदेश फिरतो आहे. तो बरोबर नाही.

जुन्या मराठीत ‘वर्तमान’ म्हणजे सरळ बातमी, हकिकत. पेशवाईतल्या पत्रांत ‘लिहिले वर्तमान सविस्तर कळले’ हे वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं. त्याचा अर्थ तुम्ही कळवलेली हकिकत समजली, एवढाच. १८३२ साली ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वर्तमानपत्र निघालं तेव्हा हा शब्द लोकांच्या तोंडी होताच. पुढेही अमुक गावाहून ‘वर्तमान आले’ अशा थाटात बातम्या छापल्या जात, आणि त्या घडून गेलेल्या गोष्टींच्याच असत. ख्रिस्ती वाङ्मयातलं ‘शुभवर्तमान’ आठवा: तिथे शुभ काळ नाही, शुभ वार्ता आहे.

मूळ संस्कृतात ‘वर्तमान’ म्हणजे चालू असलेलं, हे खरंच. ‘वृत्त’ही त्याच ‘वृत्’ धातूचं. पण शाळेत व्याकरणाचा वर्तमानकाळ इतका पक्का बसतो की बातमीचा अर्थ आपल्या कानाआड गेला, याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हा जुनी वर्तमानपत्रं खुशाल म्हणा.