सहा वेण्या आणि एक नरसाळं

आमच्या चित्रकलेच्या क्लासचं प्रदर्शन दिवाळीनंतर असतं. सरांनी विषय विचारला तेव्हा मी भर वर्गात सांगून टाकलं, "वेस्टल कुमारिका. प्राचीन रोमच्या." बाकीच्यांची जास्वंद होती, गणपती होता, दोघींचा वाडा होता. सगळ्या एकदम गप्प झाल्या. ती शांतता मला सव्वा महिना पुरली.

चित्र डोक्यात तयारच होतं. संगमरवरी खांब, मागे देवीची मूर्ती, पुढे पंचविशीतली पुजारीण, पायाशी कळशी, मोकळे केस, डोळ्यांत करुणा. म्हटलं, थोडं वाचून घेऊ नि मग रंग काढू. तिथंच घात झाला.

पहिली गेली मूर्ती. रोमच्या मुख्य चौकातल्या, म्हणजे फोरममधल्या, वेस्टा या चुलीच्या देवीच्या गोल देवळात मूर्तीच नव्हती, नुसता अग्नी. रोमन कवी ओव्हिडसुद्धा कबूल करतो की आपण वेड्यासारखे कितीतरी दिवस आत मूर्ती आहे असं समजत होतो. ओव्हिडला दोन हजार वर्षांपूर्वी जे कळलं, ते मला साडेचार इंचांची देवी रेखून झाल्यावर कळलं. खोडरबर घेतलं.

मग करुणा गेली. जेरोम नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं 1872 सालचं चित्र पाहिलं. रिंगणात हरलेला लढवय्या, ग्लॅडिएटर, पडलाय आणि या सगळ्या कुमारिका पहिल्या रांगेतून वाकून वाकून अंगठे खाली करताहेत, म्हणजे मारा त्याला! भिशीतल्या भांडणाचाच आवेश.

अग्नी विझू न देणं हे त्यांचं मुख्य काम. सहा ते दहा वर्षांची मुलगी निवडायची, ती तीस वर्षं सेवेला बांधलेली: दहा शिकण्यात, दहा करण्यात, दहा शिकवण्यात. अग्नी विझला तर मुख्य पुरोहित पडद्याआड, अंधारात, तिला चाबकाने मारायचा. मग लाकूड घासून नवा अग्नी. मी हे वाचत असताना स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, बर्नर विझला आणि घरभर वास सुटला. आमचे मुख्य पुरोहित पेपर न सोडता म्हणाले, "अगं, गॅस!" रोमच्या मानाने आमच्याकडे बरंच सैल आहे.

ब्रह्मचर्याचं व्रत मोडल्याचा आरोप सिद्ध झाला तर तिला जिवंत पुरायचे, हेही वाचलं. खाली खोलीत बिछाना, दिवा आणि थोडी भाकर, पाणी, दूध, तेल. वाण्याची यादी असावी तशी यादी. त्या रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी भाचीला मॉडेल म्हणून बोलावलं. केस मोकळे सोडणार होते, पण या बायका सहा वेण्या घालत. रोमन नवऱ्या लग्नात घालत त्याच. अमेरिकेतल्या बॉल्टिमोरच्या जॅनेट स्टीफन्स नावाच्या केशरचनाकार बाईंनी त्या आजच्या मुलीच्या डोक्यावर घालून दाखवल्यात. मी अडीच तास घातल्या. तिसऱ्या वेणीला भाची म्हणाली, "मावशी, मला क्लास आहे." पाचवीला म्हणाली, "मावशी, मला डोकं आहे." मग लोकरीची पट्टी गुंडाळली आणि वरून पूजेच्या वेळचा पांढरा, जांभळ्या काठाचा पदर पिन लावून घेतला. आता दिसत काय होतं? कपाळावरचे बोटभर केस. सहाच्या सहा वेण्या आत. "मग घातल्या कशाला?" या भाचीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राहता राहिली कळशी. पवित्र पाणी झऱ्यावरून आणायचं आणि भांडं जमिनीला टेकवायचं नाही, म्हणून त्याचं तोंड रुंद आणि बूड निमुळतं. टेकवलं की लवंडणारच. तसलं घरात एकच होतं. भाची जांभळ्या काठात, डोळे मिटून, दोन्ही हातांत तेलाचं नरसाळं धरून उभी राहिली. तेवढ्यात सासूबाई आल्या. बघून म्हणाल्या, "हिचं काय झालं? इरकल नेसवून तेल काढायला बसवलीय?"

प्रदर्शनाला चार दिवस उरले. कॅनव्हासवर खोडरबराची राख. शेवटी वेस्टाच्या जूनमधल्या सणाचं वर्णन सापडलं. त्या दिवशी दळणाऱ्यांना आणि बेकरीवाल्यांना सुट्टी, जाती फुलांनी सजवलेली आणि वर्षभर ती ओढणाऱ्या गाढवांच्या गळ्यात पावांची माळ. गाढवाला मान असा की एकदा झोपलेल्या देवीच्या अंगावर कुणी चालून येत होता, तेव्हा हेच ओरडलं आणि तिला जाग आली. त्याला वेण्या नाहीत, पदर नाही, करुणा तर डोळ्यांत जन्मजातच. एका रात्रीत काढलं.

सर चित्रासमोर बराच वेळ थांबले. मान एकीकडे कलली, मग दुसरीकडे.

"मॅडम, बैल झकास उतरलाय," ते म्हणाले. "शिंगं तेवढी जरा मऊ वाटतायत. पण पोळा तर केव्हाच झाला ना?"