बीड धूर पीत नाही

घरच्या ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला. फ्रान्समधल्या जुन्या बिडाच्या शेगड्या म्हणे राजा चौदाव्या लुईच्या मुदपाकखान्यासाठी घडवल्या. बीड इतकं जाड की धूर आतच मुरतो, धुरांडं लागत नाही. शंभर वर्षं दुरुस्ती नाही, रात्रभर ऊब, आणि आगा ही बिडाची स्वयंपाकाची शेगडीही फ्रेंचांचीच. मी सोडून दिलं असतं. पण लिऑनला माझ्या मामेबहिणीच्या भाड्याच्या घरात गोदँ या फ्रेंच कंपनीची तशीच शेगडी आहे. तिने लगेच विचारलं, "दादा, धुरांडं बुजवलंय, तरी पेटवू ना?"

नाही. अजिबात पेटवू नकोस.

बीड धूर शोषत नाही. त्यावरचा रंगीत, चकचकीत थर म्हणजे एनॅमल, भट्टीत वितळवून बसवलेली काच. काच काय शोषणार? जाड बीड उशिरा तापतं आणि विस्तव विझल्यावरही बराच वेळ ऊब धरतं, एवढं मान्य. पण कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. धुराने निदान डोळे तरी चुरचुरतात, याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येतेय असं वाटतं आणि माणूस उठतच नाही. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला असेच गेले. सप्टेंबर १९०२, पॅरिसमधलं राहतं घर, निजायच्या खोलीत शेकोटी आणि तुंबलेलं धुरांडं. पत्नी वाचली, ते गेले. एवढा मोठा लेखक, स्वतःच्या घरात! काका, राग मानू नका, पण हा मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढं तरी आठवायला हवं होतं.

लुई १७१५ साली वारला. जाँ-बातिस्त गोदँने बिडाच्या शेगडीचं पेटंट घेतलं १८४० साली. कुलपं बनवणाऱ्याचा हा मुलगा. तोवर पत्र्याच्या असायच्या त्या शेगड्या त्याने बिडात ओतल्या. राजासारखा वाडा त्यानेही बांधला, पण फ्रान्समधल्या ग्वीझ गावी, आपल्या कामगारांसाठी. काचेच्या छपराखाली मोठा चौक, भोवती मजल्यांवर बिऱ्हाडं. १८५९ला काम सुरू झालं, आणि १८८०मध्ये त्याने कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेच्या हाती देऊ केला. अशा माणसाचं श्रेय राजाला दिलेलं मला सहन होत नाही.

दुरुस्तीचं म्हणाल, तर बिडाचा तवा हातून पडला की काय होतं ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. शेगडीचंही तेच. बीड तडकतं, आतल्या विटा फुटतात, जोडांतला लेप सुटतो आणि त्याच फटींतून वायू खोलीत येतो. आगा तर स्वीडनच्या गुस्ताफ दालेनची, १९२२ची.

फ्रान्समध्ये धुरांडं साफ करण्याच्या कामाला 'रामोनाज' म्हणतात आणि ते करणारी माणसं गावोगाव असतात. बहिणीने सोमवारी एकाला बोलावलंय. तो धुरांडं मोकळं करून, तपासून जाईपर्यंत शेगडीवर फक्त तिच्या तुळशीची कुंडी राहील, असं तिने कबूल केलंय.